फेक डेटा आणि एपीआय मॉकिंग: फ्रन्टएन्ड टेस्टिंगसाठी टूल निवडायचं कसं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसात बसा नाहीतर गावाकडं घरातनं काम करा, फ्रन्टएन्डवाल्याची गोष्ट एकच. डिझाइन आलेलं असतंय, डेडलाइन ठरलेली असते, आणि बॅकएन्डवाले पुण्यातनं "एपीआय सोमवारी देतो" म्हणत असतात, कुठला सोमवार ते विचारायचं नाही. मग कोणीतरी कंपोनंटमध्येच चार ओळींचा ॲरे टाकतंय, वर 'नंतर काढायचं' अशी कमेंट मारतंय आणि स्क्रीन चालू. टेस्ट लिहायची वेळ आली की गूगल करायचं, आणि तिथं फेकर, एमएसडब्ल्यू, जेसन-सर्व्हर, मिराज, प्रिझम, मॉकून अशी नावं अंगावर येतात, प्रत्येक लेखात दुसरंच टूल भारी.

घाईत असाल तर माझं मत आधीच सांगतो. मॉक म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या जागी खोटं उत्तर देणं; ते नेटवर्कच्या पातळीवर करा आणि त्यासाठी एमएसडब्ल्यू (मॉक सर्व्हिस वर्कर) घ्या. डेटा फेकरनं बनवा पण स्वतःच्या फॅक्टरी फंक्शनमधनं, म्हणजे पाहिजे तसा एक रेकॉर्ड बनवून देणाऱ्या फंक्शनमधनं. आणि हँडलर्सचा (कुठल्या रिक्वेस्टला काय उत्तर द्यायचं ते सांगणाऱ्या कोडचा) एकच सेट डेव्हलपमेंट, टेस्ट आणि डेमो सगळीकडं वापरा. शेवटची गोष्ट टूलच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाची आहे, कारण तीन ठिकाणी तीन मॉक ठेवले की तिन्ही वेगवेगळं खोटं बोलायला लागतात आणि टेस्ट हिरव्या दिसून पण ॲप फुटतं.

उदाहरणाला गावातल्या दूध संस्थेचं ॲप घेऊया, आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला लागत नाही. सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक सभासदाला कोड, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम, आणि दर दहा दिवसाला बिल. स्क्रीन तीनच धरा: सभासदांची यादी, आजचं संकलन आणि बिल.

पायरी १: दोन प्रश्न वेगळे करा

फेक डेटा आणि मॉकिंग ही दोन वेगळी कामं आहेत, पण बोलताना लोक एकच धरतात आणि मग "फेकर घेऊ की एमएसडब्ल्यू?" असला प्रश्न पडतो, ज्याला उत्तरच नाही. फेकर फक्त व्हॅल्यू बनवतो: नाव, नंबर, तारीख. तो रिक्वेस्ट अडवत नाही. एमएसडब्ल्यू रिक्वेस्ट अडवतो आणि तुम्ही सांगाल ते उत्तर देतो, त्या उत्तरात काय भरायचं ते त्याला माहीत नाही. म्हणून आधी ठरवायचं की रिक्वेस्ट कुठं अडवायची, आणि मग उत्तरात काय भरायचं.

पायरी २: रिक्वेस्ट कुठं अडवायची

कंपोनंटपासून सर्व्हरपर्यंत रिक्वेस्ट जाताना अडवायच्या जागा तशा चार-पाच आहेत.

सगळ्यात आतली जागा म्हणजे फंक्शन. व्हीटेस्ट आणि जेस्ट ही टेस्ट चालवायची टूल्स; व्हीटेस्टमध्ये व्हीआय.मॉक किंवा जेस्टमध्ये जेस्ट.मॉक लावून 'गेटमेंबर्स' हे अख्खं फंक्शनच बदलून टाकायचं. फास्ट आहे, सेटअप नाही. पण यात यूआरएल चुकली, हेडर गेला नाही, पोस्टच्या बॉडीत फॅट आकड्याऐवजी स्ट्रिंग म्हणून गेलं, यातलं काहीच टेस्टला कळत नाही, कारण तो कोड चालतच नाही. युटिलिटी फंक्शन, दराचं गणित असल्या ठिकाणी हे ठीक. स्क्रीनच्या टेस्टला मी वापरत नाही.

त्याच्या बाहेरची जागा म्हणजे एचटीटीपी क्लायंट, रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी. ॲक्सिऑस वापरत असाल तर ॲक्सिऑस-मॉक-अडॅप्टर आहे आणि जुन्या प्रोजेक्टमध्ये तो असेल तर उगाच उपटून काढू नका. नव्यानं मात्र घेऊ नका, कारण उद्या कोणी ॲक्सिऑस काढून ब्राउझरमधला साधा फेच लावला की ॲपचं वागणं तेच राहून पण सगळ्या टेस्ट पडणार. ज्या बदलानं युजरला काडीचा फरक पडत नाही त्या बदलानं टेस्ट पडायला लागल्या की टीम टेस्टवर विश्वास ठेवायचंच सोडते.

मग येतं नेटवर्क. इथं एमएसडब्ल्यू आणि मिराज असे दोन पर्याय. मिराज ब्राउझरमधलाच फेच आणि एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट बदलून टाकतो, त्यामुळं डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्ट दिसतच नाही. मॉडेल्स, रिलेशन्स, फॅक्टरी सगळं त्यात आयतं आहे, आणि सभासद, त्याचं संकलन, त्याचं बिल असा जोडलेला डेटा लागतो तिथं ते सुखाचं वाटतं. पण रिक्वेस्ट डोळ्याला दिसत नाही ही अडचण रोजची आहे. एमएसडब्ल्यू ब्राउझरमध्ये सर्व्हिस वर्कर (पानाच्या मागं चालणारी स्क्रिप्ट) लावतो, म्हणजे ॲप खरोखरच रिक्वेस्ट सोडतंय आणि वर्कर ती मधे पकडतो. नेटवर्क टॅबमध्ये यूआरएल, बॉडी, स्टेटस सगळं दिसतं. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालते तिथं) टेस्ट चालवताना सर्व्हिस वर्कर नसतो, तिथं तो नोडच्या रिक्वेस्ट मॉड्यूल्सना अडवतो, पण हँडलर्सची फाइल तीच. माझा कल एमएसडब्ल्यूकडं आहे तो ह्याच्यासाठीच.

सगळ्यात बाहेरची जागा म्हणजे वेगळा सर्व्हर. जेसन-सर्व्हरला 'डीबी.जेसन' नावाची एक फाइल द्या, त्यातल्या प्रत्येक की चा आपोआप रेस्ट एपीआय होतो, पोस्ट केलं की फाइलमध्ये लिहिलं पण जातं. कॉलेजचा प्रोजेक्ट, क्लायंटला पहिला डेमो, याला ह्याच्यासारखं सोपं काही नाही. ऑटोमेटेड टेस्टला मात्र हेच डोक्याला ताप, कारण एका टेस्टनं सभासद डिलीट केला की पुढच्या टेस्टला तो सापडत नाही. एक बारीक गोष्ट: पानं पाडायची पद्धत व्हर्जनप्रमाणं बदललीय, ० च्या जुन्या व्हर्जन्समध्ये पानाची साइझ 'अंडरस्कोर लिमिट'नं द्यायची, १ च्या बीटामध्ये 'अंडरस्कोर पर पेज'नं, तेव्हा कॉपी-पेस्ट केलेलं चाललं नाही तर आधी व्हर्जन बघा. मॉकून हे डेस्कटॉप ॲप आहे, ओपन सोर्स, क्लिक करून रूट बनवता येतात, त्यामुळं कोड न लिहिणाऱ्या टेस्टरच्या हातात द्यायला बरं. प्रिझम ओपनएपीआयची फाइल, म्हणजे एपीआयचं ठरावीक साच्यात लिहिलेलं वर्णन, वाचून स्वतःच मॉक सर्व्हर उभा करतो, त्याच्याबद्दल पुढं बोलू. जेसनप्लेसहोल्डर सगळ्यांना माहीत असतो, १०० पोस्ट आणि १० युजर्सवाला, तो शिकायला छान. पण तो इंटरनेटवर आहे, म्हणजे नेट गेलं की तुमच्या टेस्ट पण गेल्या. टेस्टमध्ये बाहेरचा सर्व्हर नको म्हणजे नको.

प्लेराइट आणि सायप्रेस ही खरा ब्राउझर चालवून अख्खं ॲप तपासणारी (एन्ड-टू-एन्ड) टूल्स, त्यांची स्वतःची अडवायची सोय असते, ती ॲपच्या कोडच्या बाहेरनं चालते. ते एन्ड-टू-एन्डच्या पायरीत घेऊ.

पायरी ३: डेटा बनवा, पण म्हशीचा म्हणून शोभेल असा

आधी पॅकेज नीट घ्या. नुसतं 'फेकर' नावाचं जुनं पॅकेज घ्यायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या मूळ लेखकानं मुद्दाम कोड रिकामा करून ६.६.६ नंबरचं व्हर्जन सोडलं, त्याच सुमारास त्याच्याच 'कलर्स' पॅकेजमध्ये न संपणारा लूप टाकला, आणि जगभरच्या प्रोजेक्ट्सचे बिल्ड बोंबलले. त्यानंतर कम्युनिटीनं ते हातात घेतलं आणि आता 'ॲट फेकर-जेएस' ह्या स्कोपखालचं 'फेकर' हे खरं पॅकेज आहे. जुन्या व्हिडिओत अजून जुनंच नाव दिसतं.

आता मुख्य गोष्ट. फेकरला नुसतं "आकडा दे" म्हटलं की तो कुठलाही आकडा देतो, आणि मग स्क्रीनवर म्हशीला फॅट ४१, एसएनएफ ३, दूध ८७० लिटर, आणि रक्कम ह्या कशाशीच संबंध नसलेली. हा डेटा संस्थेच्या सेक्रेटरीला दाखवला तर तो हसून चहा सांगेल. त्यापेक्षा वाईट म्हणजे हा डेटा घेऊन लिहिलेली टेस्ट काहीच तपासत नाही. गायीच्या दुधाचा हिशोब ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या आसपास धरतात, म्हशीचा ६ आणि ९ च्या आसपास. म्हणून एक फॅक्टरी फंक्शन लिहायचं, 'मेककलेक्शन' म्हणा. त्यात आधी जनावर ठरवायचं, जनावरावरनं फॅट आणि एसएनएफची रेंज, फॅट-एसएनएफवरनं दरपत्रकातला दर, आणि लिटर गुणिले दर करून रक्कम. म्हणजे रँडम फक्त मुळातल्या दोन-तीन गोष्टी, बाकीचं त्यांच्यापासून काढायचं. रक्कम पैशात पूर्णांक म्हणून ठेवली तर दशांशाची भांडणं पण मिटतात.

फॅक्टरीला एक ओव्हरराइड ऑब्जेक्ट घ्यायला लावा, म्हणजे टेस्टमध्ये फक्त तेवढंच लिहायचं जे त्या टेस्टला लागतं. 'मेककलेक्शन, फॅट शून्य' असं वाचलं की टेस्ट कशाबद्दल आहे ते लगेच कळतं, बाकीची बारा फील्ड्स डोळ्यासमोर नाचत नाहीत. हातानं लिहायचा कंटाळा असेल तर फिशरी नावाची लायब्ररी आहे, टाइपस्क्रिप्टशी चांगली जमते, सीक्वेन्स नंबर पण देते. तीनच मॉडेल्स असतील तर स्वतःच लिहा, एका चहात होतं.

सीड लावायचाच. 'फेकर.सीड' ला एक ठरावीक आकडा दिला की प्रत्येक वेळी तोच डेटा येतो, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी सीआयवर (कोड टाकला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) टेस्ट पडणार आणि परत चालवली की पास होणार, आणि कोणालाच कारण सापडणार नाही. पण नुसता सीड पुरत नाही हे लक्षात ठेवा. 'रिसेंट', 'पास्ट' असली तारखेची फंक्शन्स आत्ताच्या वेळेपासून मोजतात, त्यामुळं सीड तोच असून पण उद्या तारीख वेगळी येते. त्यासाठी 'सेट डिफॉल्ट रेफ डेट' वापरून एक तारीख पक्की करायची. आणि फेकरचं व्हर्जन वाढवलं की त्याच सीडला वेगळा डेटा येऊ शकतो, म्हणून टेस्टमध्ये फेकरनं दिलेलं नाव हार्डकोड करून तपासू नका. ज्यावर टेस्ट अवलंबून आहे ती व्हॅल्यू स्वतः द्या, बाकीची फेकरला देऊ दे.

नावांचं काय? भारतासाठी 'ईएन-आयएन' लोकेल (भाषा आणि देशाचा सेट) आहे, पण ती नावं इंग्रजीत. आपल्या ॲपला मराठी नावं लागतात तर स्वतःचा छोटा ॲरे करा: पाटील, चौगुले, माने, पोवार, घाटगे, जाधव, आणि त्यातनं निवडा. यात मुद्दाम पाटील जास्त येऊ देत, फेकरमध्ये 'वेटेड ॲरे एलिमेंट' आहे त्यानं वजन देता येतं. फेकर सहसा सगळ्यांना वेगळी नावं देतो, आपल्या गावात मात्र एकाच नावाचे, बापाचं नाव पण तेच असलेले सभासद असतात आणि म्हणूनच कोड नंबर असतो. सर्च टाकल्यावर दोन सारखी नावं आली तर स्क्रीन कोड दाखवते का, हे तपासायला असलाच डेटा पाहिजे.

रँडम डेटा किती पण भारी बनवला तरी काही केसेस हातानंच लिहायला लागतात. त्या मी एका वेगळ्या फाइलमध्ये नाव देऊन ठेवतो. त्यातल्या काही इथं देतो कारण ह्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मिळत नाहीत:

पहाटेचं संकलन. समजा सव्वापाचला नोंद केली. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) साडेपाच तास पुढं, म्हणजे यूटीसीमध्ये अजून आदल्या दिवशीचे रात्रीचे पावणेबारा. कोडमध्ये कोणी 'टू आयएसओ स्ट्रिंग' करून पहिली दहा अक्षरं कापून तारीख काढली असेल तर सकाळचं दूध कालच्या तारखेला जमा. साडेपाचनंतर नोंद केली की सगळं बरोबर दिसतं, म्हणून हा बग ऑफिसच्या वेळात कोणाला सापडत नाही. फेक डेटात पहाटेची एक नोंद कायम ठेवा, आणि टेस्ट एकदा टाइमझोन एशिया-कोलकाता लावून आणि एकदा यूटीसी लावून चालवा, कारण गिटहब ॲक्शन्सची मशीन यूटीसीवर असते.

तिसरं बिल. १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. शेवटचं बिल फेब्रुवारीत ८ दिवसांचं, लीप वर्षात ९, नाहीतर १० किंवा ११. 'दहा दिवस' असं कोडमध्ये कुठं लिहिलं असेल तर ३१ तारखेचं दूध गायब.

सारखी दिसणारी नावं. 'कऱ्हाड' हे टाइप करताना कोणी 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतं, कोणी साधा 'र', पाय मोडलेला, आणि मधे न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर. डोळ्याला दोन्ही सेम, जावास्क्रिप्टला दोन वेगळ्या स्ट्रिंग्ज, आणि नुसतं नॉर्मलाइज केलं तरी एक होत नाहीत. फेक डेटात दोन्ही प्रकार टाका आणि सर्च चालतो का बघा.

लांबी. 'कोल्हापूर' आपण मोजलं तर चार अक्षरं, जावास्क्रिप्टची लेंग्थ सांगते ९. फॉर्मवर 'जास्तीत जास्त ३० अक्षरं' असं लिहिलं असेल तर आजोबांच्या नावासकट पूर्ण नाव टाकून बघा, बारा-तेरा अक्षरांतच अडकू शकतं.

आकडे. लाखाचा स्वल्पविराम 'ईएन-आयएन' नं बरोबर येतो, 'एमआर-आयएन' दिलं की आकडे देवनागरीत येतात. दोन्ही चालतील पण ॲपमध्ये एकच पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी सोपी म्हणून सगळेच करतात: संस्थेकडनं खरा डेटाबेस मागून तोच टेस्टला वापरणं. नको. त्यात लोकांचे मोबाइल, बँक खाती, आधार असतात आणि फिक्स्चर फाइल (टेस्टचा साठवलेला डेटा) गिटमध्ये गेली की ती कायमची तिथं राहते. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या घरचा हिशोब आपल्या लॅपटॉपवर कशाला?

पायरी ४: एमएसडब्ल्यू बसवा

पॅकेज डेव्ह डिपेंडन्सी म्हणून टाका. मग 'एमएसडब्ल्यू इनिट पब्लिक' अशी कमांड दिली की पब्लिक फोल्डरमध्ये वर्करची फाइल येते. ती हातानं एडिट करायची नाही.

'मॉक्स' नावाचा फोल्डर करा आणि त्यात तीन फाइल्स. 'हँडलर्स'मध्ये एपीआयची उत्तरं, 'ब्राउझर'मध्ये 'सेटअप वर्कर', 'सर्व्हर'मध्ये 'सेटअप सर्व्हर'. दोन्हीकडं हँडलर्स एकाच फाइलमधनं इम्पोर्ट. पहिला हँडलर सभासदांच्या यादीचा: 'एचटीटीपी.गेट', त्याला पाथ, आणि आत 'एचटीटीपी रिस्पॉन्स.जेसन' मध्ये फॅक्टरीतनं आलेली यादी. यादी पाच जणांची नको, आठशे-नऊशेची करा, खऱ्या संस्थेत तेवढे सभासद असतात आणि स्क्रोल अडखळतो का ते लगेच कळतं. टेस्टसाठी मात्र ओव्हरराइड करून दोन-तीनच.

टेस्टच्या सेटअप फाइलमध्ये तीन गोष्टी: सगळ्या टेस्टच्या आधी 'लिसन', प्रत्येक टेस्टनंतर 'रीसेट हँडलर्स', सगळं संपल्यावर 'क्लोज'. मधली विसरली की एका टेस्टमध्ये लावलेला ५०० चा (सर्व्हर बिघडल्याचा) एरर पुढच्या टेस्टला लागतो. 'लिसन'ला 'ऑन अनहँडल्ड रिक्वेस्ट' हा ऑप्शन देऊन 'एरर' ठेवा. डिफॉल्टला तो फक्त वॉर्निंग देतो आणि रिक्वेस्ट खऱ्या नेटवर्कवर जाऊ देतो, आणि वॉर्निंग कोण वाचतंय.

इथं हमखास अडकायच्या जागा सांगतो.

जेस्ट आणि जेएसडॉम (नोडमधला नकली ब्राउझर) वापरत असाल तर 'फेच सापडत नाही', 'रिस्पॉन्स सापडत नाही' असले एरर येतात, कारण जेएसडॉमचं एन्व्हायर्नमेंट नोडचे ग्लोबल्स आत येऊ देत नाही. त्यासाठी 'जेस्ट-फिक्स्ड-जेएसडॉम' हे एन्व्हायर्नमेंट लावायचं. नवीन प्रोजेक्ट असेल तर सरळ व्हीटेस्ट घ्या.

टॅनस्टॅक क्वेरी (डेटा मागवून कॅश करणारी लायब्ररी) वापरत असाल तर फेल झालेली रिक्वेस्ट तो डिफॉल्टला तीन वेळा परत मारतो, आणि दर वेळी थांबायचा वेळ वाढवत जातो. टेस्टिंग लायब्ररीचं 'फाइंड बाय' एकच सेकंद वाट बघतं, त्यामुळं एरर मेसेजची टेस्ट पडते आणि माणूस एमएसडब्ल्यूला शिव्या देत बसतो. टेस्टमध्ये रिट्राय बंद करा, आणि प्रत्येक टेस्टला नवा क्वेरी क्लायंट द्या, नाहीतर आधीच्या टेस्टचा कॅश दाखवला जातो.

फेक टायमर्स (टेस्टमधलं नकली घड्याळ) लावले आणि रिक्वेस्ट लटकली तर टायमर्सच्या कॉन्फिगमध्ये 'क्यू मायक्रोटास्क' फेक होतंय का ते बघा, ते वगळायचं.

मोबाइलवर बघताना: सर्व्हिस वर्कर फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर चालतो. लॅपटॉपचा १९२.१६८ वाला पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला तर मॉक लागणारच नाही. यूएसबी लावून क्रोमचं पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे फोनवर पण ते लोकलहोस्ट होतं, किंवा तेवढ्यापुरता मॉकून चालवा. संस्थेत सेक्रेटरी फोनवरच ॲप बघणार, त्यामुळं हे लागतंच.

पायरी ५: सगळं गोडगोड चाललेलं नको

मॉकिंगचा खरा फायदा इथं आहे भावा, आणि लोक इथंच हात आखडतात. खरा सर्व्हर हवा तेव्हा पडत नाही, मॉक पडतो. प्रत्येक स्क्रीनसाठी निदान एवढं बघा: रिकामी यादी, उशीर, ५००, ४०१ (लॉगिन मान्य नाही), आणि नेटवर्कच तुटलं.

उशिरासाठी 'डिले' फंक्शन आहे. त्याला काहीच दिलं नाही तर ब्राउझरमध्ये तो खऱ्यासारखा थोडा वेळ घेतो आणि नोडमध्ये जवळजवळ लगेच उत्तर देतो, म्हणजे टेस्ट रेंगाळत नाहीत. 'इन्फिनिट' दिलं तर उत्तर येतच नाही, लोडिंगची स्क्रीन तपासायला हे एकदम बरोबर. नेटवर्क तुटल्याचं नाटक करायला 'एचटीटीपी रिस्पॉन्स.एरर' आहे, तो ५०० पेक्षा वेगळा, कारण ५०० मध्ये निदान उत्तर तरी येतं. गावात पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही जातात, संकलन मात्र थांबत नाही, लोक किटली घेऊन रांगेत उभे असतात. म्हणून आपल्या ॲपला ही टेस्ट पहिली पाहिजे: पोस्ट करताना नेट गेलं तर नोंद फोनवर राहते का, आणि परत 'सेव्ह' दाबलं तर डबल होते का. डबलची टेस्ट लिहायला हँडलरला 'वन्स' ऑप्शन द्या, म्हणजे पहिल्या वेळी एरर आणि दुसऱ्या वेळी नॉर्मल हँडलर. हँडलरच्या आत आलेल्या बॉडीतला नोंदीचा आयडी दोन्ही वेळी तोच आहे का ते तपासा.

पायरी ६: एन्ड-टू-एन्ड

प्लेराइटमध्ये 'पेज.राउट' आणि 'राउट.फुलफिल', सायप्रेसमध्ये 'सीवाय.इंटरसेप्ट' आणि फिक्स्चर फोल्डर. दोन्ही चांगले आहेत आणि फार शिकायला लागत नाही. प्लेराइटमध्ये खऱ्या सेशनची एचएआर फाइल (सगळ्या रिक्वेस्ट आणि उत्तरांची नोंद) रेकॉर्ड करून तीच परत वाजवता येते, जुन्या गुंतागुंतीच्या ॲपला पहिल्या टेस्ट लिहायला हे कामाचं, फक्त त्या फाइलमध्ये टोकन आणि खरा डेटा पण रेकॉर्ड होतो ते गिटला टाकायच्या आधी साफ करा.

एक भानगड मात्र आहे. ॲपमध्ये एमएसडब्ल्यूचा वर्कर चालू असेल आणि तुम्ही 'पेज.राउट' पण लावला, तर वर्करनं आधीच पकडलेली रिक्वेस्ट प्लेराइटला दिसत नाही. मग राउट लिहिलाय, बरोबर लिहिलाय, आणि लागत नाही. दोघातलं एकच वापरा, आणि 'पेज.राउट' वापरणार असाल तर प्लेराइटच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हिस वर्कर्स' हा ऑप्शन 'ब्लॉक' ठेवा.

पायरी ७: मॉक खरा कसा ठेवायचा

एका प्रोजेक्टमध्ये समोरच्या बॅकएन्ड टीमनं 'एसएनएफ' ह्या फील्डचं नाव बदललं आणि सांगायचं राहून गेलं. आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण मॉकमध्ये जुनंच नाव. संस्थेच्या स्क्रीनवर मात्र एसएनएफच्या जागी कोरा कॉलम. कुठलंही मॉकिंग टूल ह्यातनं आपोआप वाचवत नाही, त्याला वेगळी तजवीज करायला लागते.

बॅकएन्डकडनं ओपनएपीआयची फाइल मागा. नसेल तर दोघांनी बसून तुम्हीच लिहा, तीन स्क्रीनला फार वेळ लागत नाही. मग त्या फाइलमधनं 'ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट' नं टाइप्स काढायचे आणि फॅक्टरीला तेच टाइप्स लावायचे. फील्डचं नाव बदललं की फॅक्टरी कंपाइलच होत नाही, टेस्टपर्यंत जायची गरज नाही. ऑर्व्हल ह्याच्या पुढं जातो, त्याच फाइलमधनं एपीआय क्लायंट आणि फेकर भरलेले एमएसडब्ल्यू हँडलर्स पण बनवून देतो. एपीआय चाळीस-पन्नास असतील तर जरूर घ्या. पण त्याचा डेटा म्हशीला ४१ फॅट देणाराच असतो, तेव्हा महत्त्वाच्या स्क्रीनला आपल्या फॅक्टरीनं ओव्हरराइड करा.

बॅकएन्डचा एक ओळ कोड नसताना सुरुवात करायची असेल तर प्रिझम. फाइल द्या, ४०१० पोर्टवर सर्व्हर उभा, आणि तुमची रिक्वेस्ट स्पेकप्रमाणं (त्या फाइलप्रमाणं) नसेल तर तो परत पाठवतो, जे जेसन-सर्व्हर कधीच करत नाही. 'प्रेफर' हेडरमध्ये कोड दिला की ४०४ वगैरे पण मागून घेता येतो. आणि आठवड्यातनं निदान एकदा खऱ्या स्टेजिंग सर्व्हरवर (प्रॉडक्शनच्या आधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) दोन-चार साध्या टेस्ट चालवा: लॉगिन, यादी, एक नोंद, एक बिल.

पायरी ८: मॉक प्रॉडक्शनला जाऊ देऊ नका

वर्कर सुरू करायचा कोड डायनॅमिक इम्पोर्टनं आणि फक्त डेव्ह एन्व्हायर्नमेंटच्या अटीत ठेवा, व्हीट ह्या बिल्ड टूलमध्ये 'इम्पोर्ट.मेटा.एन्व्ह.डेव्ह' बघून. फाइलच्या वरतीच साधं इम्पोर्ट केलं तर फेकरसकट सगळं बंडलमध्ये जातं, आणि फेकर हलका नाही. ब्राउझरच्या डेमोला फेकर लागणारच असेल तर अख्खं पॅकेज न घेता एकाच लोकेलचा पाथ इम्पोर्ट करा. पब्लिक फोल्डरमधली वर्करची फाइल बिल्डमध्ये आपोआप कॉपी होते हे पण ध्यानात असू द्या, डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये ती उडवा. वर्कर 'स्टार्ट' होईपर्यंत ॲप रेंडर करू नका, ते प्रॉमिस आहे, थांबायचं, नाहीतर पहिल्या एक-दोन रिक्वेस्ट मॉक न लागता सुटतात.

मग कोणी काय घ्यायचं

कॉलेजचा प्रोजेक्ट, एकटा माणूस: जेसन-सर्व्हर आणि फेकर, बास. दोन-चार जणांची टीम, रिॲक्ट किंवा व्ह्यू, ॲप एक-दोन वर्षं चालणार: एमएसडब्ल्यू, स्वतःच्या फॅक्टरी, व्हीटेस्ट, आणि प्लेराइटच्या मोजक्या टेस्ट. बॅकएन्ड दुसऱ्या कंपनीकडं: वरचं सगळं, शिवाय ओपनएपीआय आणि प्रिझम, आणि स्पेक बदलली की मेल करायची बोली आधीच लिहून घ्या. मिराज आधीच बसलेला असेल आणि नीट चालत असेल तर राहू द्या.

चालू प्रोजेक्टमध्ये सगळं एकदम बदलायला जाऊ नका. एक स्क्रीन घ्या, शक्यतो जिथं सगळ्यात जास्त तक्रारी येतात ती, आपल्या उदाहरणात ती बिलाची. तिच्यातला हार्डकोड ॲरे काढा, एक फॅक्टरी, एक हँडलर, आणि २१ ते ३१ च्या बिलाची टेस्ट. पुढची स्क्रीन पुढच्या फीचरबरोबर.

आणि इंटरनेटवरनं एमएसडब्ल्यूचा कोड उचलताना इम्पोर्टची ओळ बघा. 'रेस्ट' आणि 'सीटीएक्स' दिसलं तर तो १ नंबरच्या व्हर्जनचा आहे, २ नंबर ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि त्यात 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपी रिस्पॉन्स' आलं, नोड पण १८ किंवा त्यापुढचं लागतं. एआयला विचारलं तरी तो बऱ्याचदा दोन्हीची मिसळ करून देतो.